लोंथोर आणि रायबाग: एकाच मालिकेतली दोन डच चित्रं

सहाण | शनिवार, रात्री १०.५२

गेल्या आठवड्यात भाचीच्या बाळासाठी गुटी उगाळत होते. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, एकेकाचे ठरलेले वेढे. वहिनीने सहज विचारलं, "वन्सं, हे जायफळ मूळचं कुठलं हो?" मी ठोकून दिलं, "केरळचं, दुसरं कुठलं!" रात्री मनाला लागून राहिलं म्हणून शोधायला बसले, तर जायफळ केरळ सोडून पार इंडोनेशियाच्या पूर्वेला बांदा बेटांवर पोचलं. (बांदा म्हटल्यावर मला आधी सावंतवाडीच्या पुढचं बांदाच आठवलं. ते नव्हे.)

बांदा म्हणजे मूठभर बेटं. नेइरा, लोंथोर, आय, रन, रोझेनगाइन, आणि मध्येच समुद्रातून वर आलेला गुनुंग आपी नावाचा ज्वालामुखी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगाच्या बाजारातलं जायफळ आणि जायपत्री जवळजवळ सगळी इथलीच. जगभरच्या स्वयंपाकघरांत जाणारं फळ, आणि ते पिकवणारं सगळ्यात मोठं बेट लोंथोर जेमतेम बारा किलोमीटर लांब.

शोधता शोधता अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर एक तैलचित्र सापडलं. 'लोंथोर बेट, आकाशातून पाहिल्यासारखं'. काळ १६६२-६३. चित्रकार योहानेस विंगबोन्स असावा असं संग्रहालय म्हणतं. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या अॅमस्टरडॅममधल्या कचेरीसाठी काढवून घेतलेल्या चित्रांपैकी हे एक. चित्र मोठं करून बघता येतं, उतरवूनही घेता येतं. मी तासभर बघत बसले. समुद्र, जहाजं, झाडीने भरलेलं बेट. सुरेख आहे, खोटं कशाला बोलू.

मग तारखेकडे लक्ष गेलं. १६२१ साली कंपनीच्या यान पीटरसून कून या गव्हर्नर-जनरलने हेच बेट जिंकलं. बांदा बेटांवर तेव्हा पंधरा हजारांच्या आसपास वस्ती असावी असा अंदाज आहे. त्यातली हजारभर माणसं उरली. बाकीची मारली गेली, उपासमारीने गेली, गुलाम म्हणून नेली गेली किंवा होड्यांतून पळाली. म्हणजे हे चित्र त्यानंतर चाळीस वर्षांनी काढलेलं. ते कळल्यावर पुन्हा बघितलं, तर त्यात नजरेत भरेल असं माणूस दिसेना.

मला हे चित्र सातबाऱ्याला जोडलेल्या नकाशासारखं वाटलं. ज्याला बेटावर राहायचंय तो बेट असं बघत नाही, ज्याचं बेट आहे तो बघतो. तुम्हाला काय वाटतं?

आणि आता खरी गंमत. त्याच मालिकेत कोची आहे, कण्णूर आहे, सयामची (आजच्या थायलंडची) राजधानी आहे, चीनचं कँटन आहे, आणि 'विसियापूरमधलं राइबाग' आहे! विसियापूर म्हणजे विजापूर आणि राइबाग म्हणजे आपलं मिरज-बेळगाव लायनीवरचं रायबाग. ते तिथे काय करतंय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिखटमीठ | शनिवार, रात्री ११.२०

वाचनखूण साठवली. जायफळाची कॉफी पिता पिताच वाचलं, आता घोट घशाखाली उतरेना.

किल्लेदार७७ | रविवार, सकाळी ७.१५

सहाणताई, धागा झकास. रायबागकडे येतो, पण आधी १६२१ जरा नीट मांडू या. 'जिंकलं' या एका शब्दात बरंच लपतं.

बांदाचे लोक भोळेभाबडे बेटवासी नव्हते, मुरलेले व्यापारी होते. राजा नव्हता. गावोगावचे 'ओरांग काया' म्हणजे प्रतिष्ठित पुढारी बसून निर्णय घेत. पोर्तुगीज १५१२ मध्ये पोचले, त्याच्या कितीतरी आधीपासून जावा, मलाया, अरबस्तान आणि आपल्या गुजरातचे व्यापारी तिथे किंवा वाटेतल्या बंदरांत जायफळ घेत होते. बेटावर भात पिकत नाही. म्हणून जायफळ द्यायचं आणि तांदूळ, साबुदाणा, कापड घ्यायचं. त्यातलं कापड बरंचसं हिंदुस्थानचं, गुजरातचं आणि चोळमंडल किनाऱ्याचं. डचांना मसाल्याची बेटं हवी होती, पण तिथे विकायला लागणारं कापड इकडे होतं. सुरत आणि मच्छलीपट्टणला त्यांच्या वखारी का, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

डच १५९९ मध्ये आले. त्यांनी करारावर सह्या घेतल्या की जायफळ फक्त आम्हालाच विकायचं. ज्यांना परंपरेने दहा गिऱ्हाइकं होती त्यांना हा करार कितपत कळला आणि कितपत मान्य होता, ते बघा. १६०९ मध्ये बोलणी करायला आलेला डच अॅडमिरल फेरहुफेन आणि त्याची माणसं नेइरावर मारली गेली. या मोहिमेत तरुण कून होता. डचांनी नेइरावर नासाऊ किल्ला बांधला, १६११ मध्ये वरच्या टेकडीवर बेल्जिका. तिकडे इंग्रज रन बेटावर बसले. नॅथॅनिएल कोर्टहोप नावाच्या माणसाने मूठभर लोकांनिशी १६१६ पासून ते धरून ठेवलं, १६२० मध्ये तो मारला गेला.

मग १६२१. कून दीड हजारांवर सैनिक घेऊन आला, सोबत पगारी जपानी तलवारबाज. लोंथोर पडलं. तह झाला, मग तह मोडल्याचा आरोप झाला, आणि मे महिन्यात नासाऊ किल्ल्याबाहेर ४४ पुढाऱ्यांना मारलं. तलवारी जपान्यांच्या, हुकूम कंपनीचा. सुमारे आठशे माणसं, त्यात म्हातारे, बायका, मुलं, बटाव्हियाला (आजच्या जकार्ताला) नेली.

मग रिकामी जमीन वाटली. तिचे ६८ तुकडे पाडले, त्यांना 'पेर्क' म्हणत. लोंथोरवर ३४, आयवर ३१, नेइरावर ३. प्रत्येक पेर्क एका युरोपीय कुळाला. माल कंपनीलाच द्यायचा, भाव कंपनी ठरवणार, मजूर म्हणून गुलामही कंपनीच पुरवणार. आपल्याकडच्या खोतीशी तुलना करायचा मोह होतो, पण खोत निदान त्या गावातला असतो. इथे मूळ गावच पुसलेलं.

तेव्हा सहाणताईंची सातबाऱ्याची उपमा अगदी फिट्ट. चित्रात जी हिरवी झाडी आहे, ती कागदोपत्री ३४ तुकड्यांत वाटलेली होती.

खडूसकाका | रविवार, सकाळी ८.०२

इतिहास मान्य. चित्राबद्दल मात्र भावनेच्या भरात वाहून जाताय. विंगबोन्स पूर्वेला कधी गेलेलाच नव्हता. तो अॅमस्टरडॅममध्ये बसून दुसऱ्यांच्या आराखड्यांवरून नकाशे आणि देखावे रंगवायचा, तो त्याचा धंदा. नकाशा वरूनच काढतात. आपल्याकडच्या जुन्या मोडी नकाशांतही डोंगर आडवे, देवळं उभी आणि नद्या वरून बघितल्यासारख्या असतात. त्यात 'मालकाची नजर' शोधणार का? बिचाऱ्याने कंत्राट घेतलं, रंग फासले, पैसे मोजून घेतले. विषय संपला.

सहाण | रविवार, सकाळी ९.३०

काका, चित्रकाराला कोण दोष देतंय? मी विचारतेय की चित्र टांगलं कुणाच्या समोर.

कालव्याकाठची | रविवार, दुपारी १.१०

मी अॅमस्टरडॅमजवळ राहते, अकरा वर्षं झाली. त्या कचेरीची इमारत, ईस्ट इंडिया हाऊस, अजून गावात ऐन मध्यावर उभी आहे. आता विद्यापीठाकडे आहे. अंगणात पोरं सायकली लावतात आणि सँडविच खात बसतात. कंपनीचे कारभारी तिथे बसत. सगळ्या शाखांचे मिळून सतरा संचालक होते, त्यांना 'सतरा साहेब' असंच म्हणत. कुठल्या बंदरात किती जहाजं धाडायची, काय भावाने काय घ्यायचं, हे ते ठरवणार. आणि भिंतीवर कोची, कँटन, लोंथोर.

काकांच्या मुद्द्यावर एक गोष्ट सांगते. त्याच इमारतीत आंद्रीस बेकमनचं 'बटाव्हियाचा किल्ला' हे चित्रही होतं. तेही राइक्सम्युझियममध्ये आहे, काळही तोच, १६६१च्या आसपास. बेकमन स्वतः पूर्वेला जाऊन आलेला. त्याच्या चित्रात किल्ला मागे, बारका. पुढे सगळा मासळीबाजार. चिनी, जावानीज, छत्री धरलेला नोकर, टोपीवाले, झाडावरून नारळ काढणारे. एकेकाचे कपडे बघत बसावेत. गोडगोड आहे तेही, त्या शहरात निम्म्याच्या आसपास माणसं गुलाम होती ते चित्रात कळत नाही. पण माणसं आहेत! जो जाऊन आला त्याला बाजार आठवला, आणि जो घरी बसला त्याच्या हाती फक्त आराखडा आला. बटाव्हिया शहर होतं आणि बांदा मळा होता, हाही फरक असेल.

खडूसकाका | रविवार, दुपारी १.४५

हा मुद्दा चांगला आहे. अर्धा मान्य.

उंबरझाड | रविवार, दुपारी २.००

काकांनी अर्धा मान्य केला! धाग्याची नोंद इतिहासात व्हावी.

तिखटमीठ | रविवार, दुपारी ४.३०

रन बेटावरून आठवलं. डचांनी इंग्रजांना मॅनहॅटन दिलं आणि बदल्यात रन घेतलं ना? जायफळासाठी न्यूयॉर्क विकलं म्हणतात. आमच्याकडे 'हिऱ्याच्या मोलाने कोळसा' असा किस्सा म्हणून काका सांगायचे. (माझे काका, खडूस नव्हे.)

किल्लेदार७७ | रविवार, सायंकाळी ५.१०

किस्सा भारी आहे, पण दोन दुकानदारांनी गल्ल्यावर अदलाबदल केली असं झालं नाही. इंग्रजांनी न्यू अॅमस्टरडॅम (म्हणजे पुढचं न्यूयॉर्क) १६६४ मध्येच हिसकावून घेतलं होतं, आणि रन डचांच्या हातात होतं. १६६७च्या ब्रेडाच्या तहात ठरलं की ज्याच्या ताब्यात जे आहे ते त्याच्याकडे राहील. त्याच तहात दक्षिण अमेरिकेतलं सुरिनामही डचांकडे गेलं, म्हणजे उसाचे मळे. त्या काळच्या हिशोबाने डच स्वतःला फसलेले समजत नव्हते. जायफळाची मक्तेदारी पुरी झाली, साखर पदरात पडली, आणि गेलं काय, तर एक थंडगार बंदर. न्यूयॉर्कचं पुढे काय होणार ते कुणाला माहीत?

वेंगुर्लेकर_दादा | रविवार, रात्री ९.०५

रायबागाची गजाल आमच्या वेंगुर्ल्यातून जाते, म्हणून हजेरी लावतो.

आमच्या गावात डच वखार आहे. म्हणजे भिंती आहेत, छप्पर केव्हाच गेलं, आत झाडं उगवलीत. लहानपणी आम्ही तिथे बोरं पाडायला जायचो आणि 'पोर्तुगीजांचा किल्ला' म्हणायचो. तेवढीच अक्कल. डच आले १६३७ मध्ये, विजापूरच्या आदिलशहाकडून परवानगी काढून. त्यांचा वकील योहान फान ट्विस्ट त्याच साली विजापूर दरबारात गेला होता. त्यांना वेंगुर्लं कशाला हवं होतं? गोव्याच्या नाकासमोर आहे म्हणून. त्या वर्षांत डच आरमार गोव्याची नाकेबंदी करून बसायचं. जहाजांना पाणी, लाकूडफाटा, तांदूळ, ताजी भाजी लागायची, आणि पोर्तुगीजांच्या बातम्या लागायच्या. सगळं वेंगुर्ल्यात मिळायचं.

व्यापारही होताच. इकडून मिरी आणि सोरा (बंदुकीच्या दारूत लागतो तो). आणि घाटावर जायचा रस्ता. वेंगुर्ल्याहून घाट चढलं की विजापूरच्या वाटेवर रायबाग. त्या काळात रायबाग म्हणजे मिरीची मोठी पेठ. किनाऱ्यावरची मिरी घाटावर जायची आणि घाटावरचा माल खाली यायचा. कंपनीच्या भिंतीवर रायबाग आहे ते निसर्गसौंदर्यासाठी नाही हो, बाजारपेठ म्हणून आहे. कोची मिरीसाठी, कण्णूर मिरीसाठी, लोंथोर जायफळासाठी. अख्खी भिंत म्हणजे किराणा मालाची यादी.

अजून एक. याच वखारीतून गेलेल्या डच पत्रांत शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या आहेत. लोंथोरचं हे चित्र १६६२-६३चं. तेव्हा अफझलखानाचा वध होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि महाराजांचे घोडे कोकणात फिरत होते. त्याच वर्षांत वखारीतला कुणी कारकून घाम पुसत 'सिवासी' असं काहीतरी लिहीत असेल, आणि पत्र वाचणाऱ्याच्या डोक्यावर भिंतीत रायबाग.

किल्लेदार७७ | रविवार, रात्री ९.२०

दादा, दंडवत. किराणा मालाची यादी!

रायबागी | सोमवार, सकाळी १०.४०

नमस्कार. या संस्थळावर चार वर्षं नुसता वाचतोय, गावाचं नाव बघून आज खातं उघडलं. मी रायबाग तालुक्यातला. आता बेळगाव जिल्हा, कर्नाटक. संस्थानी काळात रायबाग कोल्हापूरकरांकडे होतं, त्यामुळे घरात मराठी आणि बाजारात कन्नड. आमच्या गावाला कुणी जगाच्या नकाशावर बघितल्याचं आजवर ऐकलं नव्हतं. लोक विचारतात, "रायबाग म्हणजे ते स्टेशन ना, गाडी थांबते का हो तिथे?"

चित्र उतरवून घेतलं, मोठं करून वडिलांना दाखवलं. वय ८१. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "हे रायबाग नव्हं. पण असू दे." मलाही काही ओळखता आलं नाही. रंगवणाऱ्याने गाव पाहिलंच नसेल तर ओळख पटणार कशी? तरी खोटं बोलत नाही, छाती थोडी फुगली होती. मग वरचं लोंथोरचं सगळं वाचलं आणि वाटलं, त्या भिंतीवर टांगलं गेलं आणि तरीही गाव जागेवर राहिलं, हे आमचं नशीब.

सहाण | सोमवार, सकाळी ११.१५

रायबागी, स्वागत. वडिलांना नमस्कार सांगा. "पण असू दे" हे फार आवडलं.

तुमच्या शेवटच्या वाक्यात मात्र नशिबापेक्षा कारण आहे असं मला वाटतं. मिरी मलबारात ठिकठिकाणी पिकायची. एक गाव ताब्यात घेऊन भाव हातात येत नव्हता, आणि रायबागच्या मागे विजापूरची फौज उभी होती. जायफळ मात्र एवढ्याशाच बेटांवर. तेवढी बेटं घेतली की जगाचं जायफळ मुठीत. पीकच तेवढं एकटं नसतं तर कूनने एवढा खर्च केला असता का, शंका आहे.

नारळीपोफळी | सोमवार, रात्री ८.३०

दापोलीजवळ आमची बाग आहे. नारळ, पोफळ, मधे जायफळाची चाळीसेक झाडं. इतिहासातलं कळत नाही, झाडाबद्दल बोलतो.

जायफळ हे चिकाटीचं झाड आहे. सावली हवी, ओल हवी, पण पाणी साचलेलं चालत नाही. बांदावर केनारी नावाच्या उंच झाडांच्या सावलीत लावतात असं वाचलं, इकडे ते काम माड करतो. आणि यात नर-मादी झाडं वेगळी. बी लावलं तर सहा-सात वर्षं पाणी घालायचं, खत घालायचं, आणि मग फुलल्यावर कळतं की हा नर. आमच्या वडिलांनी लावलेल्या पहिल्या बारांपैकी सात नर निघाले. आई म्हणायची, "बैल पाळलेस." दहा माद्यांना एक नर पुरतो. आता कलमं मिळतात. कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद' या जाती आहेत, 'कोकण संयुक्ता'च्या एकाच झाडावर दोन्ही फुलं येतात.

फळ पिकलं की झाडावरच उकलतं आणि आत लालभडक जाळी दिसते. ती जायपत्री. तिच्या आत काळपट कवच आणि कवचाच्या आत जायफळ. आमच्याकडे मुख्य तोड ऐन पावसाळ्यात, आणि तेव्हा ऊन कुठलं? पत्री चुलीच्या वरच्या फडताळात, हल्ली ड्रायरमध्ये. एक दिवस हयगय केली की बुरशी. रंग गेला की भाव गेला. एका व्यापाऱ्याने एकदा आमची अख्खी पत्री 'काळी पडली' म्हणून निम्म्या भावाने उचलली आणि पुढच्याच आठवड्यात तीच पहिल्या दर्जाची म्हणून विकली. असो.

एक ऐकीव गोष्ट आहे. अॅमस्टरडॅमच्या साहेबांनी म्हणे हुकूम काढला की जायपत्रीला भाव जास्त आहे, तेव्हा जायफळाची झाडं तोडा आणि जायपत्रीची लावा. खरी नसणार, पण आमच्या तालुक्यात येऊन गेलेले काही साहेब बघता अगदीच खोटीही वाटत नाही.

आता कामाची गोष्ट. डच लोक जायफळ चुन्याच्या निवळीत बुडवून पाठवत, म्हणजे ते दुसरीकडे कुणी रुजवू नये, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण जायफळाचं बी ओलं असतानाच रुजतं. वाळवलं, कवचात खुळखुळायला लागलं की ते मेलं. बाजारातलं जायफळ चुना न लावताही उगवणार नाही, हवं तर लावून बघा. चुन्याने कीड लागत नाही, तो उपयोग खरा. बाकी ती भीती होती.

किल्लेदार७७ | सोमवार, रात्री ९.००

ही माहिती कुठल्याच इतिहासाच्या पुस्तकात मला अशी मिळाली नव्हती. आता कळतं, ज्यांनी ही मक्तेदारी फोडली त्यांना रोपं का न्यावी लागली. फ्रेंच पिएर प्वाव्ऱने १७७० मध्ये मॉरिशसला रोपं आणि ताजी बियाणी नेववली. १७९६ मध्ये इंग्रजांनी बांदा घेतलं आणि तिथून रोपं पेनांगला, सुमात्राच्या बेनकूलनला, श्रीलंकेला गेली. पुढे कॅरिबियनमधल्या ग्रेनाडात जायफळ इतकं रुजलं की आज त्यांच्या राष्ट्रध्वजावर आहे.

उंबरझाड | सोमवार, रात्री ९.४०

आणि पक्षी! बांदावर जायफळाची फळं गिळणारी मोठी कबुतरं आहेत. ती बेटाबेटांवर बी टाकत फिरतात. कंपनीने माणसं हाकलली, पण कबुतरांशी करार कोण करणार?

आपल्या सह्याद्रीतही रानजायफळ आहे. मसाल्यातली रामपत्री त्याच्याच एका जातीची. पूर्वी परदेशी बाजारात ती 'बॉम्बे मेस' नावाने जायची आणि खऱ्या जायपत्रीत भेसळ म्हणूनही घालत. दिसायला मोठी, वासाला मवाळ. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डेला रानजायफळाची दलदलीतली राई आहे, देवराई म्हणून टिकलेली. झाडांची मुळं चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली असतात. मी पावसाळ्यानंतर गेलो होतो. ही फळं धनेश खातो. तिकडे कबूतर, इकडे धनेश.

खडूसकाका | मंगळवार, सकाळी ६.५०

धागा चित्रावरून कबुतरांवर गेला. रीतीप्रमाणे चाललं आहे.

एक प्रश्न. मळ्यांवर जे गुलाम आणले ते कुठले? नेहमी 'डचांनी' म्हणून आपण मोकळे होतो.

किल्लेदार७७ | मंगळवार, सकाळी ८.१०

काका, बोचरा प्रश्न आहे आणि योग्य आहे. आजूबाजूच्या बेटांवरचे होतेच. पण हिंदुस्थानातलेही होते. सतराव्या शतकात कंपनीने चोळमंडल किनाऱ्यावरून आणि आराकान-बंगालकडून हजारो माणसं विकत घेऊन आपल्या पूर्वेकडच्या ठाण्यांवर नेली. चोळमंडलात दुष्काळ पडला की आकडा वाढायचा, कारण आईबाप पोरं विकायचे आणि विकून देणारे दलाल इथलेच असायचे. त्या झाडीत तमिळ, तेलुगू, बंगाली बोलणारी माणसं राबली असणार. डचांच्या या पूर्वेकडच्या वसाहतीत, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, गुलामगिरी कायद्याने बंद झाली १८६० मध्ये.

कालव्याकाठची | मंगळवार, दुपारी १२.३०

इथे होर्न नावाचं टुमदार गाव आहे, कून तिथला. चौकात त्याचा पुतळा, १८९३ सालचा. २०११ मध्ये एका क्रेनचा धक्का लागून तो खाली पडला. दुरुस्त करून परत उभा केला, पण तेवढ्यात काढून टाका असा आग्रह सुरू झाला होता. मग चौथऱ्यावर त्याच्या कृत्यांची माहिती देणारा मजकूर लावला. २०२० मध्ये परत निदर्शनं झाली. माझ्या सासूबाई त्याच भागातल्या. त्यांना शाळेत कून म्हणजे शूर दर्यावर्दी एवढंच शिकवलं होतं. मी हा धागा त्यांना भाषांतर करून वाचून दाखवला. त्या फ्लॉवरच्या भाजीवर जायफळ किसत होत्या, इकडे ते लागतंच. किसणी खाली ठेवून म्हणाल्या, "आम्हाला फक्त जहाजांची नावं पाठ करायला लावली." थोड्या वेळाने परत किसायला लागल्या.

डचमध्ये महाग वस्तूला 'पेपरडूर' म्हणतात, मिरीएवढं महाग. मिरी आता सुपरमार्केटात स्वस्तात मिळते, शब्द राहिला.

सहाण | मंगळवार, रात्री १०.२०

तुमच्या सगळ्यांच्या नादाने दोन रात्री जागले. आज जे सापडलं ते सांगितल्याशिवाय झोप यायची नाही.

१६२१ मध्ये जे होड्यांतून पळाले त्यांचं काय झालं, हा प्रश्न डोक्यात होता. त्यातले काही आग्नेयेकडच्या केई बेटांवर पोचले. तिथे थोरल्या केई बेटावर आजही दोन गावं आहेत, बांदा एली आणि बांदा एलात. आणि ही माणसं अजून बांदाची भाषा बोलतात. खुद्द बांदा बेटांवर ती भाषा आता कुणी बोलत नाही, तिथे मलाय चालते, कारण आजची बहुतेक वस्ती नंतर आणलेल्यांची. मळा एकीकडे राहिला आणि भाषा होडीत बसून दुसरीकडे गेली.

मग पुन्हा लोंथोरचं चित्र उघडलं. आधी मला राग होता की यात माणसं नाहीत. आता वाटतं, या एका बाबतीत चित्र खरं बोलतंय. १६६२ मध्ये ती तिथे नव्हतीच. ती केईवर होती, आणि तो देखावा सतरा साहेबांनी काढवून घेतला नाही, कारण तिथे विकत घेण्यासारखं त्यांना काही नव्हतं.

वेंगुर्लेकर_दादा | मंगळवार, रात्री १०.४५

ताई, ह्या लय भारी सापडवलात.

रायबागी | बुधवार, सकाळी ७.३०

वडिलांना हे वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "त्या केईवर जायफळ लावलं का त्यांनी?" माझ्याकडे उत्तर नाही. कुणाला कळलं तर सांगा, ते रोज विचारतील.

नारळीपोफळी | बुधवार, सकाळी ९.१०

रायबागी, वडिलांना सांगा, मी लावलं असतं. पळताना सोनं विसरेन, पण ओल्या फडक्यात चार बिया घेतल्या असत्या. आठवडाभर तग धरतात.

सहाण | बुधवार, सकाळी १०.००

वहिनीने धागा वाचला. तिचा एकच प्रश्न: "वन्सं, मग बाळाला जायफळाचे वेढे किती द्यायचे, ते राहिलंच." एकच, तोही अर्धा. जास्त दिलं की पोर दिवसभर झोपतं.

खडूसकाका | बुधवार, सकाळी ११.२५

नारळीपोफळी, अर्धा किलो जायफळ आणि पावशेर पत्री पुण्याला पाठवता येईल का? काळी पडलेली चालेल, पहिल्या दर्जाच्या भावाने घेईन. सालीचं लोणचं असेल तर एक बरणी तेही.

नारळीपोफळी | बुधवार, सकाळी ११.४०

काका, व्यक्तिगत निरोप केला आहे. लोणचं संपलं, मुरंबा आहे.